आवाज घरीच राहिला होता

माझ्या धाकट्या भावाचं एक गाणं आहे. त्यात एक माणूस एसटीच्या कंडक्टरला विनवतो की गाव आलं नसलं तरी चालेल, मला इथेच उतरू द्या. भाऊ गेला आणि हे गाणं एकदम सगळ्यांना कळायला लागलं. तो जिवंत असताना ज्यांनी त्याला कधी कपभर चहा पाजला नाही, ते मोबाइलवर त्याचा काळापांढरा फोटो टाकून लिहू लागले की बघा, त्याने आधीच सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही. असं काही वाचलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. ते गाणं त्याला मेहकर-खामगाव गाडीत सुचलं. त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं होतं आणि कंडक्टर जानेफळच्या आधी गाडी थांबवायला तयार नव्हता. घरी येऊन त्याने हे मला हसत हसत, पोट धरून सांगितलं होतं. आता हे सांगायचं कुणाला? लोकांना मेलेला गायक गंभीरच लागतो.

पण खोटं कशाला बोलू, गाणं पुरं होईपर्यंत त्यातलं हसू निघून गेलं होतं. शेवटी तो 'उतरू द्या, उतरू द्या' करत जो ओरडतो, तो आवाज पोट बिघडलेल्या माणसाचा नाही. ते कडवं आलं की मी अजूनही फोन बंद करते.

आम्ही मूळचे बीबीचे. बाबा तहसीलात कारकून होते, म्हणून मेहकरात घर झालं. मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा बॅग घेऊन याच घरी परत आले आणि राहिले. भाऊ माझ्याहून बराच लहान. त्याला चालायला मी शिकवलं असं आई सांगते. मला आठवतं ते एवढंच की तो चालायचा कमी आणि भांडी जास्त बडवायचा.

घराच्या मागे टिनाची एक खोली आहे. ती त्याची. कॉलेजात असताना त्याने कुठून तरी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. लाल रंगाची, एका कोपऱ्यावर टवका उडालेली. सोबत एक काळा डबा. त्याला ॲम्प म्हणतात हे मला त्यानेच सांगितलं. आई त्याला शेवटपर्यंत डबाच म्हणाली. मी एकदा गिटार हातात घेऊन तारा छेडल्या, तर ताटावर नख ओढावं तेवढाच आवाज. मला वाटलं बिघडली. तो हसला.

"ताई वं, हिच्या पोटात पोकळी नाही. सगळा लाकडाचा ठोकळा हाय. वायर लावून डब्यात जोडली तरच बोलते हे. नाही तं मुकी."

मग त्याने वायर लावली आणि टिनं थरथरली. शेजारच्या काकू शिव्या देत बाहेर आल्या.

बाबांना त्या प्रकाराचा मनस्वी संताप होता, पण ते बोलत नसत. पेपर खाली ठेवायचे, उठायचे, मागच्या खोलीत जायचे, भिंतीवरच्या बोर्डातून डब्याची पिन ओढायचे आणि परत येऊन पेपर उचलायचे. बाबांची पाठ वळली की हा पिन परत लावायचा. वर्षानुवर्षं दोघांचं हेच चाललं होतं. बापलेकांमध्ये दुसरं बोलणं फारसं झाल्याचं मला आठवत नाही.

आईची तऱ्हा वेगळी. तिला गाण्याचं काही सोयरसुतक नव्हतं, तिला जेवणाची काळजी. भाकरी तव्यावर असतानाच ती हाका मारायला लागायची, "ये रे बाबू, गरम गरम खाय." तो वाजवायला बसला की एका हाकेला कधी आला नाही. पाच हाकांनाही नाही. मग आई त्याचं ताट वाढून त्यावर दुसरं ताट उपडं घालायची आणि भिंतीला टेकून बसायची. तो येईपर्यंत स्वतः जेवायची नाही. भिंतीपलीकडून त्याचा धडधडाट येत राहायचा. आईने त्याचं संगीत ऐकलं ते असं, भिंतीतून, उपाशीपोटी.

पुढे तो पुण्याला गेला. नोकरीसाठी गेला असं आम्ही लोकांना सांगायचो. तिथे त्याने चौघांचा बॅंड केला. पहिल्याच कार्यक्रमात त्याने माइक हातात घेऊन विचारलं, "आवाज येऊन राह्यला का?" आणि समोरचे सगळे खो-खो हसले. आपल्याकडच्या बोलण्याला तिकडे हसतात, ते काही नवीन नाही. मी तिकडे बी.एड.ला होते तेव्हा मलाही हसायचे, आणि मी महिनाभरात शहाण्यासारखी त्यांचं बोलणं शिकून घेतलं होतं. हा तसा नव्हता. दुसऱ्या कार्यक्रमात त्याने तेच विचारलं, मुद्दाम, डोळे वटारून. तिसऱ्यात वर 'बे' जोडलं. होता होता ती त्याची खूणच झाली. तो ओरडायचा, "आवाज येऊन राह्यला का बे?" आणि पुण्याची पोरं एका सुरात ओरडायची, "हाव!" मी हे फोनवर पाहिलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. ओट्यावर हात आपटून मीही 'हाव' म्हटलं होतं.

त्याचे दिवस दोन तऱ्हेचे असायचे. काही दिवस तो झोपायचाच नाही, लिहायचा, फोन करून मला गाणी म्हणून दाखवायचा, मध्येच रडायचा. मग काही दिवस असे यायचे की उठायचाच नाही. मेहकरला यायचा, मे महिन्यात टिनाच्या खोलीत दार लावून भिंतीकडे तोंड करून पडायचा. घामाने गादी ओली व्हायची. आई दाराशी बसून त्याला ताक पी म्हणायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या तो चार दिवस घ्यायचा आणि सोडायचा. "गोळीनं मी झोपतो ते ठीक हाय ताई, पण गाणं बी झोपते," म्हणायचा. दारूने गाणं झोपत नव्हतं म्हणे. हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.

कलावंत होता म्हणून गेला, हळवा होता म्हणून गेला, असं जे लिहितात त्यांना मला एकदा अकोल्याच्या त्या दवाखान्यात नेऊन उभं करायचं आहे. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे, आणि आईला ओळखत नाही. दारूने गेला. पस्तिशी गाठली नाही. मला त्याचा राग येतो आणि तो राग अजून गेलेला नाही. आणि सकाळी चूल पेटवताना, म्हणजे गॅसच, पण हात तसाच जातो, त्याच्या गाण्याची चाल तोंडात आली की मला तिथेच बसावं लागतं.

त्याचं सगळं कार्य बीबीला झालं. आमच्याकडे माणूस कुठेही मरो, त्याची तेरवी गावातच होते. क्रियाकर्म करणाऱ्या ब्राह्मणाला आम्ही महाराज म्हणतो. आमचे महाराज बीबीचेच, वयस्कर, अर्ध्या गावाची कार्यं त्यांच्या हातून झालेली. तेरवीला महाराजांना शय्यादान देतात. खाट, गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्या, पेला. गेलेल्याला वाटेत आणि तिकडे जे जे लागेल ते महाराजांच्या हाती द्यायचं, म्हणजे ते त्याला पोचतं. त्याच्या आवडीचं काही असेल तर तेही द्यायचं. आजोबांच्या वेळी पानाचा डबा दिला होता.

मी बायकांबरोबर ओसरीवर बसले होते. अंगणात खाट मांडली, गादी घातली, उशी ठेवली. मग बाबा घरातून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि त्यांनी ते हळूच गादीवर निजवलं. चादर काढली. लाल गिटार. तिची मान उशीवर होती.

मी उठून उभी राहिले. मावशीने माझा पदर धरून खाली ओढलं. एवढ्या लोकांत, मंत्र चालू असताना, मी काय बोलणार होते? आईकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता, दवाखान्यापासून पहिल्यांदाच. तिनेच बाबांना सांगितलं होतं हे मला मागाहून कळलं. बाबांनी तीळ आणि पाणी हातात घेतलं, महाराज काहीतरी म्हणाले, आणि पाणी सुटलं. खाट, छत्री, चपला आणि गिटार तीनचाकीत घालून महाराजांच्या घरी गेली. गिटारीचा दांडा बाहेर डोकावत होता.

मेहकरला परत आल्यावर पाहिलं तर त्याचं घरात काहीच राहिलं नव्हतं. कपडे नदीत सोडलेले, काही वाटून दिलेले. उरला होता फक्त तो काळा डबा आणि त्यावर गुंडाळलेली वायर. तो माझ्या खाटेखाली होता, कारण मागच्या खोलीत उंदरं वायर खातात म्हणून त्यानेच तिथे ठेवला होता. कुणाच्या ध्यानातच आला नाही. त्याची सगळी बटणं त्याने जिथवर फिरवून ठेवली होती तिथेच होती. मी त्यांना हात लावायची नाही. पुसतानाही फडकं बटणांच्या बाजूने फिरवायची.

दोन महिने झाले आणि बॅंडच्या पोरांचा पुण्याहून फोन आला. त्यांना त्याच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा होता. मंचाच्या मधोमध नुसती त्याची गिटार उभी करणार होते.

"ताई, गिटार पाठवता का?"

"गिटार दान केली."

"अरे वा! कोणत्या संस्थेला?"

मी म्हटलं, बघते. आणि फोन ठेवल्यावर माझं डोकं असं तापलं की विचारू नका. बाहेरच्या पोरांना त्याची गिटार मधोमध ठेवावीशी वाटते, आणि आम्ही ती छत्री-चपलांबरोबर देऊन मोकळे झालो. रविवारी मी सुलतानपूरवरून बीबीची गाडी पकडली. कुणाला काही सांगितलं नाही.

महाराज अंगणात तूर वाळवत होते. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण त्यांनी भांडूच दिलं नाही. पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं आणि आत नेलं. आमचीच खाट, आमचीच गादी, आणि तिच्यावर चादर पांघरलेली गिटार.

"मी निजत नाही या खाटेवर," ते म्हणाले. "एवढ्या जवान पोराची खाट. मले काय झोप येते? गिटार बी तशीच हाय. न्यायची असंल तं ने बाई. मी अडवत नाही."

"मग देता?"

"देतो. पण तुह्या आईनं मनातून देल्ली व्हती ते. तिले सांग, आन् मंग ने. माघारी नेलं त् त्याच्यापाशी राह्यलं नाही, हे तिले कळलं पाह्यजे. मले विचारशीन तं मी हेच सांगन."

त्याच्यापाशी ती आहे यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी पण मी रिकाम्या हाताने परतले, आईला विचारायला.

आई दारात वाती वळत बसली होती. मी विषय काढायच्या आत तीच म्हणाली, "मले तुले एक इचारायचं हाय. रोज सपनात येते तो."

मी तिच्यापुढचा कापूस जवळ ओढला.

"लाल गिटार घेऊन बसला राह्यते. बोटं चालू राह्यतात त्याची. तोंड उघडते, गाते बी. पण आवाजच येत नाही वं. मी म्हंते, बाबू, मोठ्यानं वाजव, आज कोणी पिन नाही काढत. तो माह्याकडं पाह्यते आन् वाजवतच राह्यते. रडकुंडीला येते बिचारा. काऊन होत असंल असं?"

हे ऐकून मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. भूगोल शिकवणारी बाई मी. मेल्यानंतर काही उरत नाही असं माझं पक्कं मत, आणि ते मी घरात भांडून भांडून सांगितलेलं. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अरे, डबा तर आपल्याकडेच राहिला. मुकी गिटार दिली आपण त्याला.

आईला काही सांगितलं नाही. खोलीत गेले, खाटेखालून डबा ओढला आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. हा दिला तर माझ्याकडे काय राहतं? फोनमधली गाणी सगळ्या जगाकडे आहेत. त्याच्या बोटांनी फिरवलेली बटणं फक्त माझ्याकडे आहेत. आणि कशासाठी देऊ? एका स्वप्नासाठी? मी हटवादी आहे, ते मला सगळेच सांगतात. दोन आठवडे मी आईशी धड बोलले नाही. ती मात्र रोज सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. नाही आला आवाज. तिचं जेवण तुटलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

शेवटी मीच बाबांना जाऊन सांगितलं. वायर, डबा, सगळं. बाबांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक झाली आपली. मले मालूम असाले पाह्यजे व्हतं. मीच तं काढत व्हतो पिन."

तिसऱ्या महिन्याच्या श्राद्धाला आम्ही तिघं डबा घेऊन बीबीला गेलो. बसमध्ये तो माझ्या मांडीवर होता. बाबांनी सांगितलं तेव्हा महाराज म्हणाले की दान द्यायची वस्तू चालू असली पाहिजे, बंद पडलेली देऊ नये. तेव्हा आधी लावून बघा.

गिटार खाटेवरून उचलून मी वायर जोडली. वायरचं एक टोक गिटारीत, दुसरं डब्यात. हे मी त्याला शेकडो वेळा करताना पाहिलं होतं. खाट आडवी आल्यामुळे पिन भिंतीतल्या बोर्डापर्यंत पोचत नव्हती. बाबा उठले, त्यांनी खाट सरकवली, वाकले आणि पिन लावली. लावल्यावर तिथेच उभे राहिले, हात बोर्डावर ठेवून.

डब्यात लाल दिवा लागला आणि घुमायला लागलं. तो नुसता घुमणारा आवाज, गाणं सुरू व्हायच्या आधीचा. आई उंबऱ्यावर बसली होती, तिने पदर तोंडात धरला. मला वाजवता येत नाही. मी तारांवरून एकदा हात फिरवला. सगळ्या तारा उतरलेल्या, भेसूर. पण महाराजांचं घर भरून गेलं. बाजेवरचं मांजर पळालं.

मग मी डबा बंद केला आणि बाबांनी पाणी सोडलं. महाराजांचे मंत्र चालू असताना मी ओठातल्या ओठात विचारलं, "आवाज येऊन राह्यला का बे?" एरवी शेकडो पोरं ओरडायची. तिथे कोणीच हाव म्हटलं नाही. अंगणात तुरीवर कोंबड्या आल्या होत्या, त्यांना हाकलायला कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

पुण्याच्या पोरांना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी मंचावर त्याचा फोटो ठेवला. कार्यक्रम चांगला झाला म्हणे. खूप लोक रडले.

मेहकरला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडे बघितलं. तिने काही सांगितलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. खाटेखालची जागा रिकामी होती आणि झाडताना माझा झाडू तिथे अजून अडखळायचा. न राहवून मी विचारलंच.

"आई, आला का मंग आवाज?"

ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"आता येतच नाही तो सपनात," ती म्हणाली.

एवढं सगळं देऊन, आता मुकाही येत नाही? मी तिच्याजवळ बसले. तिने भाकरी तव्यावर टाकली, पीठ लागलेल्या हाताने डोळे पुसले आणि माझीच समजूत काढत असल्यासारखी म्हणाली,

"वाजवाले बसला असंल वं. वाजवाले बसला का कुठी येत व्हता तो? जेवाले हाक मारली तरी येत नव्हता."